छत्तीसशे वेळा उडवलेले नाणे

नाणे ३६०० वेळा उडवले, तर छापा १७७० ते १८३० वेळा पडण्याची शक्यता किती? तंतोतंत उत्तरासाठी एकसष्ट पदांची बेरीज करावी लागते आणि त्यांतले आकडे हजारांहून अधिक अंकी! फ्रान्समधल्या धर्मछळामुळे लंडनला आलेल्या, शिकवण्या करून पोट भरणाऱ्या अब्राहम द मॉयव्रने १७३३ साली यावर जवळची वाट शोधली. प्रत्येक शक्यतेचा एक स्तंभ असे सारे शेजारी-शेजारी उभे केले, की त्यांच्या माथ्यांवरून घंटेसारखी वक्ररेषा जाते. मग स्तंभांची बेरीज कशाला? रेषेखालचे क्षेत्रफळच मोजावे.

सरासरी १८००; प्रमाण विचलन ३६०० च्या वर्गमुळाच्या निम्मे, म्हणजे ३०. एका विचलनाच्या आतले क्षेत्रफळ ०.६८२७, द मॉयव्रचे उत्तर हेच. मात्र स्तंभांना रुंदी असते. म्हणून दोन्ही टोकांना अर्धे एकक वाढवून १७६९.५ ते १८३०.५ मोजले, की ०.६९०७ मिळते. ते अधिक अचूक.

खरे मर्म वर्गमुळात आहे. १०० फेकींत ६० छापे पडले, तर ते सरासरीपासून दोनच विचलने दूर; योगायोग असू शकतो. ३६०० फेकींत तेच साठ टक्के म्हणजे बारा विचलने. तिथे नाणे खोटेच. कुणाला लबाड ठरवण्यापूर्वी टक्केवारीबरोबर फेकीही मोजाव्यात, त्या याचसाठी.