लांबलचक शब्दाला घाबरायचं कशाला?

बालमित्रांनो, इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचताना मध्येच एखादा लांबलचक शब्द आला की आवाज एकदम बारीक होतो ना? शब्द कुठं तोडायचा आणि जोर कुठं द्यायचा, एवढं कळलं की ही भीती पळते.

आधी तोडायला शिकू. हनुवटीखाली हात धरा आणि सावकाश म्हणा, हॉस्-पि-टल. हनुवटी तीनदा हलली? म्हणजे तुकडे तीन. अशा तुकड्याला सिलॅबल म्हणतात. स्पेलिंगमधली अक्षरं मोजायची नाहीत बरं का, कानाला ऐकू येणारे तुकडे मोजायचे!

आता जोर. ‘चिंचपोकळी’ म्हणताना आपण सगळ्या अक्षरांना जवळजवळ सारखंच वजन देतो. इंग्रजीत एक तुकडा ढोलासारखा दणकन वाजतो, बाकीचे ताशासारखे भरभर. लालबागच्या मिरवणुकीत ऐकलंय ना?

परळला १९२६ साली सुरू झालेलं केईएम आहे. त्याच्या नावातला ‘मेमोरियल’ घ्या. म-'मॉ-रि-अल. तुकडे चार, ढोल दुसऱ्यावर. (ज्या तुकड्याआधी खूण, त्यावर जोर. शब्दकोशातही अशीच छोटी उभी रेघ असते.) प्रभादेवी स्टेशनचं २०१८ पर्यंतचं नाव एल्फिन्स्टन रोड. 'एल्-फिन्-स्टन. इथं ढोल पहिल्यावर.

जोर चुकला तर काय बिघडतं? कधी कधी अर्थच बदलतो! हजेरीला म्हणतो तो '‘प्रे-झेंट’. वाढदिवसाची भेटही तीच. पण जोर शेवटी गेला, प्रि-'झेंट, की अर्थ होतो ‘सादर करणे’.

दोन युक्त्या लक्षात ठेवा. शेवटी टी-आय-ओ-एन असेल, तर जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर : ए-ज्यु-'के-शन. शेवटी आय-टी-वाय असेल, तर शेवटून तिसऱ्यावर : यु-नि-'व्हर्-सि-टी.

आई-बाबांनो, मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. मूल अडखळलं तर हसू नका. त्याच्याबरोबर टाळ्या वाजवून तुकडे पाडा. हसलात, तर ते पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाही.

आणि दोस्तांनो, हा गृहपाठ : ‘इन्फर्मेशन’ आणि ‘इलेक्ट्रिसिटी’. तुकडे किती? ढोल कुठं? मग दादर ते गिरगाव बसमधून जाताना दुकानांच्या पाट्या अशाच वाचा. मोठ्यानं हं!

(उत्तरं : इन्-फर्-'मे-शन, चार. इ-लेक्-'ट्रि-सि-टी, पाच.)