लेखकानंतर साठ वर्षं: कॉपीराइटच्या मुदतीबद्दलचे गैरसमज

जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारे वाचक आणि स्मरणिकेत एखादी जुनी कविता छापायलाही कचरणारे संपादक, दोघांचीही अडचण एकच असते. कॉपीराइट कधी संपतो, हे त्यांना नक्की ठाऊक नसतं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे आणि त्यातला हिशेब बोटांवर करता येण्याजोगा आहे.

गैरसमज : पुस्तक जुनं झालं, बाजारात मिळेनासं झालं, म्हणजे ते सर्वांसाठी खुलं झालं.

वस्तुस्थिती : पुस्तकाचं वय बघायचं नसतं, लेखकाच्या मृत्यूचं वर्ष बघायचं असतं. हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो आणि ही साठ वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. म्हणून ‘श्यामची आई’वरचा हक्क ३१ डिसेंबर २०१० ला संपला. आज ती कोणालाही छापता येते, तिचा अनुवाद करता येतो. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यामुळे त्यांची पहिली आणि शेवटची पुस्तकं सारखीच २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहेत. मग एखादं दुकानात मिळो न मिळो.

गैरसमज : मुदत पन्नास वर्षांची आहे.

वस्तुस्थिती : पूर्वी होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या वेळी सरकारने मुदत दहा वर्षांनी वाढवली आणि ती सगळ्याच लेखकांना लागू झाली. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं धरतात. म्हणून भारतात खुलं झालेलं पुस्तक परदेशातही खुलं असेलच असं नाही.

गैरसमज : लेखकाची साठ वर्षं संपली की त्याचं सगळं लेखन खुलं होतं.

वस्तुस्थिती : मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण १९५६ चं, तेव्हा त्यांच्या हयातीत छापले गेलेले ग्रंथ २०१७ पासून खुले आहेत. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ मात्र महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलं. त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत आहे.

गैरसमज : टोपणनावाने लिहिलेल्या साहित्याला वेगळी, कमी मुदत असते.

वस्तुस्थिती : लेखक खरोखरच अज्ञात असेल, तरच प्रकाशनापासून साठ वर्षं धरतात. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे सर्वांना ठाऊक आहे. ते १९९९ मध्ये गेले, म्हणून हक्क २०५९ अखेरपर्यंत.

गैरसमज : गाणं म्हणजे एकच वस्तू, त्याची मुदतही एकच.

वस्तुस्थिती : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचा हिशेब स्वतंत्र असतो. पुणे आकाशवाणीवरून १९५५ मध्ये सुरू झालेलं ‘गीतरामायण’ घ्या. गदिमा १९७७ मध्ये गेले, तेव्हा शब्द १ जानेवारी २०३८ ला खुले होतील. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६३ उजाडल्यावर. ध्वनिमुद्रणाची मुदत ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. चित्रपटांचंही तसंच : १९७२ चा ‘पिंजरा’ २०३२ अखेरपर्यंत संरक्षित आहे.

गैरसमज : मूळ ग्रंथ खुला, म्हणजे त्याची कुठलीही आवृत्ती उचलावी.

वस्तुस्थिती : ज्ञानेश्वरीच्या ओव्या सर्वांच्या आहेत. पण अलीकडच्या अभ्यासकाने लिहिलेला अर्थ, प्रस्तावना, टिपा किंवा चित्रं ही त्याची नवी निर्मिती आहे. तिच्यावर त्याचा हक्क आहे.

गैरसमज : नोंदणी केली नाही तर हक्क नाही, आणि प्रकाशकाला दिला तर तो कायमचा गेला.

वस्तुस्थिती : लिहून होताच हक्क जन्माला येतो, नोंदणी सक्तीची नाही, ती पुराव्याला उपयोगी पडते. प्रकाशकाला हक्क देताना करारात काळ लिहिला नसेल, तर कायदा तो पाचच वर्षांचा मानतो. ही तरतूद १९९४ ची दुरुस्ती लागू होण्याआधीच्या करारांना मात्र लागू नाही, म्हणून कपाटात करार जपून ठेवणाऱ्या वारसांनी त्यांची तारीख जरूर बघावी.

मराठीतली कितीतरी चांगली पुस्तकं केवळ संभ्रमामुळे पुन्हा छापली जात नाहीत. वारसांनी हक्क कोणाकडे आहे हे लिहून ठेवावं, प्रकाशकांनी लेखकाचं मृत्युवर्ष पुस्तकात छापावं. मुदत संपलेली पुस्तकं निर्धास्तपणे छापा, विकिस्रोतावर आणा, मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करा. लेखकाचं नाव मात्र ठळक ठेवा. मुदत बाकी असेल, तर वारसांना एक पत्र लिहून परवानगी मागा. तो लेखकाच्या श्रमांचा मान आहे.