शांत दिसणारी वाटच ओढून नेते

भोगव्यासारख्या किनाऱ्यावर पाणी नितळ दिसलं की आपण ते सुरक्षित धरतो. पण नितळपणावरून ना जंतू कळतात, ना ओढ. पोहण्याच्या समुद्री पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा १०० मिलिलिटरला १०० विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची आहे. ती ओलांडली गेली तरी डोळ्यांना दिसत नाही. शिवाय इथे कर्ली नदी समुद्राला मिळते, म्हणून जोरदार पावसानंतर पोहणं टाळावं आणि ओहोटीत मुखापासून लांब राहावं. फेसाळ लाटांमधली गुळगुळीत वाट बहुधा समुद्रात ओढून नेणाऱ्या परतीच्या प्रवाहाची असते, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ‘मला उत्तम पोहता येतं’ हे पुरेसं नाही: असा प्रवाह सेकंदाला २ मीटरहून वेगवान होऊ शकतो. झुंजू नका, तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका. ‘गावकरी उतरतात की!’ खरंय, पण त्यांना भरती-ओहोटी पाठ असते. उतरण्याआधी त्यांनाच विचारा.