दोन शिक्षक, चार इयत्ता

प्राथमिक शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते बहुधा शहरातले असते. एक इयत्ता, एक खोली, एक शिक्षक. तास संपला की घंटा आणि घंटेनंतर दुसरा विषय. अभ्यासक्रम आखणारे, पाठ्यपुस्तके लिहिणारे आणि प्रशिक्षणाचे वर्ग भरवणारे हेच चित्र प्रमाण मानून चालतात. खेड्यापाड्यांतील, वाड्यावस्त्यांवरील जिल्हा परिषदेच्या शाळेत पाऊल टाकले की हे चित्र पुसून जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. मग इयत्ता चार असोत की पाच. म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी दोन इयत्तांना शिकवणे हा तेथे अपवाद नसून नित्यक्रम आहे. दोघांपैकी एक रजेवर गेला किंवा बदलीनंतर त्याची जागा रिकामी राहिली, की सगळी शाळा एकाच्या अंगावर येते. २०२४-२५ या वर्षी देशात एक लाख चार हजारांवर शाळा एकशिक्षकी होत्या आणि त्यांत तेहतीस लाखांहून अधिक मुले शिकत होती. हा आकडा पाहिल्यावर अशा शाळांना कोपऱ्यातील प्रश्न म्हणणे धाडसाचे ठरेल.

थोडा हिशेब करू. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन व्हावे, असे कायदा सांगतो. शिक्षकाकडे दोन इयत्ता असतील तर त्याचे प्रत्यक्ष लक्ष प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला फार तर चारशे तास येते. चार असतील तर दोनशे. उरलेल्या वेळात मूल काय करते, यावर त्या शाळेचे यशापयश ठरते. जेथे शिक्षकाने त्याचा विचार केलेला नसतो तेथे मूल पुस्तकातील धडा पाटीवर उतरवते, उतरवून झाला की पुसते आणि पुन्हा उतरवते. जेथे विचार झालेला असतो तेथील खोली पाहण्यासारखी असते.

दिवसाचा आरंभ परिपाठाने होतो. राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, एखादी बोधकथा असा हा क्रम असतो. मोठ्या शाळेत परिपाठ म्हणजे ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहणाऱ्या चार निवडक मुलांचा कार्यक्रम. तीस पटाच्या शाळेत मुलांची पाळी इतक्या लवकर येते की लाजाळू मुलालाही तोंड उघडावेच लागते. आज कोणाची पाळी हे फळ्यावर लिहिलेले असते, आणि ज्याला बातमी सांगायची असते तो आदल्या संध्याकाळपासून ती शोधत असतो. गावात विहिरीला पाणी लागले, ही बातमी अशा परिपाठात दिल्लीच्या बातमीच्या बरोबरीने सांगितली जाते. ती तशीच सांगितली जावी, असे आमचे मत आहे.

पुढचा तास अधिक कसोटीचा. शिक्षक पहिली आणि दुसरी घेऊन बसतो. काही ठिकाणी पहिलीबरोबर तिसरी व दुसरीबरोबर चौथी अशी जोडी लावतात. त्यामागे थोरल्यांची धाकट्यांना मदत व्हावी हा हेतू असतो. गणिताचा तास असेल तर दुसरीच्या मुलांपुढे काड्यांचा ढीग असतो. दहा काड्या मोजायच्या, त्यांना दोरा वा रबर बांधून गठ्ठा करायचा. गठ्ठा म्हणजे दशक, सुट्या काड्या म्हणजे एकक. तेवढ्यात शिक्षक पहिलीच्या मुलांकडे वळतो आणि चिंचोके मोजून घेतो. दहाएक मिनिटांनी तो परत येतो तेव्हा गठ्ठे तयार असतात आणि खरी अडचण पुढे उभी राहते.

ती अडचण आपल्या भाषेतील संख्यानामांची. पुढे दोन गठ्ठे आणि पाच काड्या आहेत. मुलाने म्हणायचे पंचवीस: आधी पाच, मग वीस. लिहायचे मात्र आधी दोन, मग पाच. कानाने ऐकलेला क्रम आणि हाताने लिहायचा क्रम परस्परविरुद्ध असल्यामुळे मूल ५२ लिहून मोकळे होते, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसतो. त्यावर ‘एकोण’ची भानगड. एकोणतीस म्हणजे तिसात एक कमी. पुढे दोनच गठ्ठे दिसत असताना तोंडाने तिसाचे नाव घ्यायचे. एकोणसाठ, एकोणऐंशी, एकोणनव्वद असे चालत आलेले मूल शंभराच्या दारात पोचते आणि तेथे त्याला एकदम नव्व्याण्णव भेटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत जुन्या नावांच्या जोडीला आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचण परोपरीने समजावून सांगितली. पण चर्चा गणितावर होण्याऐवजी अस्मितेवर आणि विनोदांवर गेली. भाषेचा अभिमान सर्वांनाच असावा. तथापि त्या वादात भाग घेणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा-सात वर्षांच्या मुलाला त्रेपन्न लिहिताना पाहिले होते, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

बहुवर्ग खोलीचा एक लाभ येथेच दिसतो. चिंचोके मोजणाऱ्या पहिलीच्या मुलाच्या कानावर दुसरीची संख्यानामे आणि पाढे पडत असतात. वर्षभर ऐकलेले ते पुढच्या जूनमध्ये त्याला अनोळखी वाटत नाही. उलट दुसरीत मागे पडलेल्या मुलाला पहिलीच्या घोळक्यात बसून चिंचोके मोजण्यात कमीपणा वाटत नाही, कारण खोली एकच असते. मोठी मुलगी धाकट्याची पाटी तपासते, आणि तपासताना तिचे स्वतःचे ज्ञान पक्के होते.

मुलाने मुलाला शिकवावे ही कल्पना काही परदेशातून आपल्याकडे आलेली नाही. ती येथून तिकडे गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर येथील अनाथालयाची व्यवस्था पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने देशी शाळेतील मुले वाळूवर बोटांनी अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्या अनाथालयात त्याने ती रीत आणली आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची व्यवस्था केली. १७९७ मध्ये त्याने यावरचा वृत्तान्त लंडनमध्ये छापला, आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून ती इंग्लंडभर पसरली. जोसेफ लँकेस्टरनेही तशीच रीत उभारली. तेथे मात्र तिचे रूप पालटले. एका प्रचंड दालनात शेकडो मुले, वर एक शिक्षक आणि हाताखाली पोरसवदा नायक. स्वस्तात शाळा चालवण्याचे ते यंत्र बनले. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की शिक्षकाच्या जोडीला मूल आणि शिक्षकाच्या ऐवजी मूल या दोन गोष्टींत अंतर आहे. तिजोरीची चणचण भासू लागली की ते अंतर राज्यकर्त्यांना दिसेनासे होते.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाची दखल घेतलीच गेली नाही, असे नाही. १९८७ च्या खडू-फळा योजनेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साधनसामग्री देण्याचे ठरवले. पण दोघांनी चार इयत्ता कशा शिकवाव्यात, हे फळ्याबरोबर आले नाही. ते काम इतरत्र झाले. आंध्रमधील ऋषी व्हॅलीच्या परिसरातील लहान शाळांसाठी पाठांची छोटी कार्डे आणि त्यांची शिडी तयार करण्यात आली. मूल आपल्या गतीने एकेक पायरी चढते आणि शिक्षक अडलेल्यापाशी जाऊन बसतो. त्याच धर्तीवर तमिळनाडूने २००३ पासून चेन्नईच्या महापालिका शाळांत आणि पुढे राज्यभर प्रयोग केला. आपल्याकडे साताऱ्यातील कुमठे बीटच्या शाळांनी मुलांना जमिनीवर, साहित्याच्या भोवती बसवून शिकते केले आणि त्याची कीर्ती राज्यभर झाली. अनुकरणही झाले, परंतु पुष्कळ ठिकाणी ते फरश्या रंगवण्यापाशी थांबले. वर्तुळे आणि चौकटी जमिनीवर आल्या, शिक्षक मात्र फळ्यापाशीच उभा राहिला.

आता या शाळांवर दुसरेच सावट आहे. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून मुलांचे समायोजन करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये तोरणमाळ आणि पानशेत यांचा दाखला देऊन वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले. अशा शाळा चौदा हजारांवर आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार. समूह शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. चार मुलांच्या वर्गात खेळायला गडी मिळत नाही, चर्चा होत नाही. मोठ्या शाळेत ग्रंथालय, मैदान, प्रयोगाचे साहित्य देता येते. हे सारे खरे. परंतु सात वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून वाहनापर्यंत कोण नेणार, वाहन एक दिवस आले नाही तर काय, आणि चार दिवस आले नाही तर तिचे शिक्षण पुढे चालू राहील काय, याचे उत्तर प्रस्तावातल्या सोयींच्या यादीत सापडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर कुरणशाळा चालवली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. त्याच महाराष्ट्रात आता शाळेजवळ राहणारे मूल गाडीत बसवून लांब न्यावे, असा विचार होतो आहे.

लहान शाळा टिकवायच्या तर त्या चांगल्या चालाव्या लागतील, आणि ते केवळ शिक्षकाच्या सद्भावनेवर सोडता येणार नाही. अध्यापक विद्यालयांतील सरावपाठ एका इयत्तेच्या वर्गावर होतात. त्यांतले निदान निम्मे दोन इयत्तांच्या खोलीत व्हावेत. बालभारतीने इयत्तावार पुस्तकांच्या जोडीला दोन इयत्तांना एकत्र घेता येतील असे पाठ आणि मुलांनी स्वतः सोडवायची कार्डे द्यावीत. पाण्याचा पाठ दुसरीला आणि चौथीला एकत्र सुरू करता येतो. पुढे दुसरीने चित्र काढावे, चौथीने गावच्या पाण्याचा हिशेब मांडावा. हुशार शिक्षक हे आजही करतात, पण ते स्वतःच्या वहीत, आणि बदली झाली की वहीही त्यांच्याबरोबर जाते.

शिक्षकाचा वेळ हा सर्वांत निकडीचा भाग. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य बिगर-शैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते. पण माहिती भरणे, छायाचित्रे पाठवणे, पोषण आहाराच्या तांदळाचा माणशी शंभर ग्रॅमने रोजचा हिशेब ठेवणे ही कामे ‘शालेय’ म्हणून त्यातून निसटतात. मोठ्या शाळेत ती दहा जणांत वाटली जातात. द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाचा प्रभारही त्या दोघांपैकी एकाकडेच असतो, आणि तालुक्याहून बैठकीचा निरोप आला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या खोलीत येऊन बसतात. प्रत्येक केंद्रात अशा दिवशी जाण्यासाठी एक फिरता शिक्षक नेमणे खर्चाचे वाटत असेल, तर निदान या बैठका शनिवारी दुपारी ठेवाव्यात. त्या दिवशी शाळा सकाळची असते.