बाळंतिणीला सोबत हवी

सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया मरण पावली आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला आपले दूध पाजून वाढविले, ही हकिकत आपल्या घरातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. बुद्धजयंतीला ती आपण दरवर्षी ऐकतो. परंतु तिच्यातील एका गोष्टीचा विचार आपण क्वचितच करतो. महामाया राजघराण्यातील होती. तिला अन्नाची वाण नव्हती, शेतात राबायचे नव्हते. तरीही बाळ सुखरूप जन्मल्यानंतर पहिल्याच आठवड्यात ती गेली. बाळ झाले म्हणजे सुटका झाली, असे आपण म्हणतो. खरे पाहता आईच्या दृष्टीने धोक्याचे बरेचसे दिवस त्यानंतरच सुरू होतात. गौतमीचे हात वेळेवर पुढे आले, म्हणून ते बाळ वाढले, हेही विसरून चालणार नाही.

या लेखात आम्ही बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांविषयी, म्हणजे आपल्या भाषेत सव्वा महिन्याविषयी लिहीत आहोत. या काळात बाळंतिणीजवळ कोणी असावे, त्या व्यक्तीने काय करावे आणि काय करू नये, हे संस्थेच्या सभासदांना व विद्यार्थ्यांना समजावे, एवढाच हेतू आहे.

जुनी सोबत आणि तिचे दोन चेहरे

अलीकडे शहरांत ‘डुला’ हा शब्द ऐकू येतो. डुला म्हणजे बाळंतपणात आणि त्यानंतर आईला धीर देणारी, अनुभवी, शिकवून तयार झालेली स्त्री. ती डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे आणि सुईणही नव्हे. डेना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली स्तनपानावरील आपल्या पुस्तकात हा शब्द या अर्थाने प्रचारात आणला. मूळ ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दासी असा आहे. आपल्याला तो अर्थ मान्य होणार नाही, म्हणून आम्ही तिला ‘सोबतीण’ म्हणतो.

नाव नवे असले तरी काम आपल्याकडे नवे नाही. पहिले बाळंतपण माहेरी, आईच्या किंवा आजीच्या हाताखाली, ही रीत मराठवाड्यात घरोघर होती. बाळंतिणीला आंघोळ घालणे, अंग रगडणे, डिंकाचे, हळिवाचे लाडू, बाजरीची भाकर, शेपूची भाजी, ओवा आणि बाळंतशेपा, बाळाला मांडीवर घेऊन न्हाऊ घालणे, हे सर्व म्हातारी माणसे न सांगता करीत. यातील विश्रांती, पोटभर अन्न आणि मायेचा हात या तीन गोष्टी आजचे वैद्यकशास्त्रही मान्य करते.

परंतु जुने ते सर्व सोने नव्हते. नाळ विळ्याने कापणे, तिच्यावर शेण किंवा राख लावणे, पहिला चीक पिळून टाकून देणे, बाळंतिणीला पाणी तोडणे, बाजेखाली शेगडी ठेवून कोंदट खोलीत धूर करणे, या चालींनी किती आया आणि बाळे गमावली असतील, याची मोजदाद नाही. शिवाय सोयर-विटाळाच्या कल्पनेने बाळंतिणीला कोपऱ्यात टाकले जाई. अनेक गावांत सुईणपण मातंग समाजातील स्त्रियांकडे होते. अडलेल्या बाईला सोडवताना त्यांचा हात चालत असे आणि काम संपताच त्याच हाताचा विटाळ होत असे. जिने जीव वाचविला, तिच्या पदरात सुपातले धान्य लांबूनच टाकले जाई. सोबतीण या कामाचा विचार करताना आपण हा इतिहास लक्षात ठेवला पाहिजे. सेवा आणि गुलामी यांतील फरक आपल्याइतका कोणाला कळणार?

बाबासाहेबांचा विचार

बाळंतिणीची विश्रांती ही घरची खाजगी बाब नसून समाजाची जबाबदारी आहे, हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मांडला होता. त्या वर्षी मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात रजा आणि आर्थिक लाभ देणारे विधेयक चर्चेला आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बोजा सरकारनेही उचलला पाहिजे; परंतु स्त्रीच्या श्रमावर मालकाचा नफा होतो, त्यामुळे मालकालाही सुटका नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ साली देशभरासाठी प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि तीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आली.

आता आपल्या लोहा तालुक्याकडे पाहा. नोकरदार भगिनींना या रजेचा आधार आहे. पण रोजाने शेतात जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईला रजा कोण देणार? लोहा, कंधार, मुखेड या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. मुकादमाची उचल नवरा-बायको दोघांच्या नावावर असते आणि एक कोयता म्हणजे दोन माणसांचे काम. तिथे बाळंतपण झाले तर आठ-दहा दिवसांत बाई पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहते. कायद्याची सावली जिथे पडत नाही, तिथे शेजाऱ्यांची सोबतच उरते.

गडचिरोलीने काय दाखविले

घरोघरी जाणाऱ्या, थोडे शिकलेल्या गावातल्याच बायांनी किती फरक पडतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था काढली. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांतील निवडक स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यांनाच ‘आरोग्यदूत’ म्हणतात. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊबदार ठेवणे, श्वास मोजणे, लवकर दूध पाजायला लावणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध देणे, अशी ती कामे होती. ज्या गावांत ही सोय नव्हती, त्यांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

त्याच गावांतील बाळंतिणींच्या पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. दर दहांपैकी सुमारे चार जणींना बाळंतपणानंतर काही ना काही आजार झाला होता. म्हणजे घरात ‘सर्व ठीक आहे’ असे वाटत असताना बाळंतीण मुकाट्याने सोसत होती.

या अनुभवावरून केंद्र सरकारने २०११ पासून आशाताईंमार्फत नवजात बाळाच्या गृहभेटी सुरू केल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी आशाताईने घरी यावे, आणि घरीच झाले असल्यास पहिल्या दिवशीही यावे, असा नियम आहे. आज महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत सुटी मिळते. उरलेले जवळजवळ चाळीस दिवस घरातच काढायचे असतात. सोबतिणीचे काम तेथे सुरू होते.

सोबतिणीने काय करावे

पहिले काम म्हणजे बाळंतिणीला झोपू देणे. बाळ दर दोन-तीन तासांनी उठते. दिवसा तास-दोन तास बाळाला सांभाळून आईला निजविले, तर अर्धे दुखणे तिथेच थांबते. दुसरे काम तिच्या खाण्याकडे पाहण्याचे. दूध पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात. वरण, भाकरी, पालेभाजी, अंडी, दूध, शेंगदाणे, जे घरात असेल ते पोटभर द्यावे आणि पाणी मुळीच तोडू नये. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्याची आठवण करावी.

तिसरे काम दुधाचे. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावे. चीक हे बाळाचे पहिले संरक्षण आहे. तो टाकू नये. सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, घुटी, साखरेचे पाणी, अगदी साधे पाणीदेखील देऊ नये. दूध येत नाही म्हणून सासूबाई घाबरतात आणि वरचे दूध सुरू होते. बहुतेक वेळा बाळाने नुसते बोंड धरलेले असते, भोवतालचा काळा भाग तोंडात घेतलेला नसतो. शेजारी बसून तेवढे नीट करून दिले की दूध वाढते.

चौथे काम घरच्यांना सोबत घेण्याचे. सोबतिणीने आजीचा अपमान करू नये. “आजी, तुमचे तेल लावणे चांगले आहे, शेगडी तेवढी बाहेर ठेवू,” असे म्हटले तर घर ऐकते. नवऱ्याला पाणी भरणे, थोरल्या लेकराला सांभाळणे, कपडे धुणे ही कामे सांगावीत. त्यात कमीपणा नाही.

सोबतिणीने औषध मात्र देऊ नये. तिने धोक्याची खूण ओळखावी आणि वेळ न दवडता दवाखाना गाठावा. बाळंतिणीला फार रक्त जाणे, ताप, दुर्गंधी असलेले अंगावरचे जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके, धाप लागणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, स्तनात लाल गाठ, या त्या खुणा होत. बाळ दूध ओढत नसेल, रडणे क्षीण झाले असेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील किंवा नाळेतून पू येत असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ किंवा १०२ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात आईचे बाळंतपण आणि आजारी नवजात बाळाचे उपचार २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत.

मनाचे दुखणे

आम्हाला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घरी नामकरणाला आम्ही पाच-सहा जणी गेलो होतो. टोपडे दिले, साडी दिली, खीर खाल्ली. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून बसली होती. “थकली असेल,” म्हणून आम्ही उठलो. पुढे कळले की ती रात्र-रात्र झोपत नव्हती, बाळाला जवळ घेत नव्हती आणि घरचे बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे खेटे घालत होते. नात्यातील एक वयस्क अक्का रोज दुपारी तिच्याजवळ बसू लागल्या. त्यांनी उपदेश केला नाही, नुसते ऐकून घेतले. आठवड्याने ती पोर म्हणाली, “अक्का, मला जगावंच वाटत नाही.” त्याच दिवशी अक्कांनी तिला डॉक्टरांकडे नेले. उपचाराने ती बरी झाली. आम्ही सहा जणींनी बाळ पाहिले, आईकडे पाहिले नाही, ही खंत आजही आहे.

बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते आपोआप जाते. त्यापुढेही उदासी टिकली, झोप-भूक गेली, बाळाविषयी परकेपणा वाटू लागला, तर तो आजार समजावा. भारतात झालेल्या निरनिराळ्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सुमारे २२ टक्के बाळंतिणींत या आजाराची लक्षणे आढळली. मुलगी झाली म्हणून टोमणे, नवऱ्याचे दारूपान, पैशाची ओढ, याने तो बळावतो. भ्रम होणे, भलतेच बोलणे, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय करण्याचे विचार दिसले, तर तिला क्षणभरही एकटी न सोडता दवाखान्यात न्यावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत सल्ला मिळतो. अंगारे-धुपारे करून वेळ घालविणे, हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांना तर मुळीच शोभणारे नाही.

आपण काय करू शकतो

यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक वस्तीत चार-पाच अनुभवी भगिनींनी पुढे यावे. आशाताई आणि आरोग्य केंद्रातील नर्सबाईंकडून धोक्याच्या खुणा शिकून घ्याव्यात. वस्तीत बाळंतपण झाले की ४२ दिवसांसाठी पाळी लावावी. एकीने दुपारी बसावे, एकीने भाकरी पोचवावी, एकीने पाणी भरावे. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबात गरोदर बाई असेल, तर तिची तारीख, माता-बाल कार्ड आणि कारखान्याजवळचा दवाखाना याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. बाहेरून एखाद्या गरजू भगिनीला सोबतीसाठी बोलाविले, तर तिचा रोज तिला द्यावा. तिला फुकट राबवून घेऊ नये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज भरून देण्याचे काम आपले विद्यार्थी सहज करू शकतात.

विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी काही जणी उद्या नर्स व्हाल, डॉक्टर व्हाल. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या बाप व्हाल. यापुढे कोणाकडे बाळ पाहायला गेलात, तर टोपड्याबरोबर एक डबा घेऊन जा आणि बाळाच्या आधी आईजवळ बसा. “बाई, तुला कसं वाटतंय?” एवढे विचारा आणि ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका.