चाक सुटले, गाडी सुटू नये

घरातील वडीलधाऱ्या माणसाला पथ्य सांगणे सोपे असते. काठी घ्या, मीठ कमी करा, जिना जपून उतरा, हे सारे आपण बोलून जातो. पण ‘आता मोटार चालवू नका’ एवढे एकच वाक्य उच्चारायला जीभ रेटत नाही. सांगलीच्या माझ्या मामांच्या बाबतीत आम्हा सर्वांची नेमकी हीच अवस्था झाली होती.

मामांचे वय अठ्ठ्याहत्तर, आणि गाडी स्टँडर्ड हेराल्ड. आपल्यापैकी अनेकांना ती आठवत असेल. मूळची ही इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीची ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ सालची. तिचा आराखडा जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचा. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने ती आपल्याकडे बांधली. अँबॅसेडर आणि फियाटच्या त्या काळात हेराल्डला वेगळाच डौल होता. तो उगीच नव्हता, कारण १९६२ मध्ये आलेली ट्रायम्फची स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार हेराल्डचीच चासी आखूड करून तयार केलेली होती. मामा स्वतःला स्पोर्ट्स गाडीचे मालक समजत, ते एवढ्याच नात्यावर. आम्हीही कधी हरकत घेतली नाही.

मामांचा मुलगा साताऱ्यात असतो. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड, उंब्रज ही वाट मामांनी इतक्या वेळा कापली होती, की डोळे मिटूनही जाईन, असे ते म्हणत. एका गळीत हंगामात संध्याकाळच्या अंधूक उजेडात, आष्ट्याच्या पुढे, उसाने भरलेली ट्रॉली त्यांना वेळेवर दिसलीच नाही. सुदैवाने केवळ डावा पंखा चेपला. घरी मात्र ते काहीच बोलले नाहीत. चेपलेल्या पत्र्यानेच सांगितले. दुसऱ्या दिवशी मामेभाऊ म्हणाला, “अण्णा, गाडी विकून टाकू या.” त्यानंतर आठ दिवस मामा नीट जेवले नाहीत.

येथेच आपली गल्लत होते, असे मला वाटते. गाडी चालवणे आणि गाडी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत; भीतीपोटी आपण दोन्ही एकदम काढून घेतो.

चालवण्याचा निर्णय भावनेने नव्हे, तपासणीने करावा. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मोतीबिंदूत समोरून येणारा प्रकाश फाकतो आणि संध्याकाळी कडा पुसट होतात. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पुष्कळ सुधारली, परंतु मान पुरेशी वळेना आणि गुडघ्यात जोर राहिला नव्हता. हेराल्डसारख्या जुन्या गाडीत हे अधिक महत्त्वाचे, कारण तिच्या ब्रेकला यंत्राचे साह्य नसते. गाडी थांबते ती पायाच्या बळावर. आपल्या घरी याखेरीज आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर अचानक उतरू शकते. सर्दीच्या, झोपेच्या कित्येक औषधांनी ग्लानी येते. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठीच होते आणि त्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र ओळखीने मिळवू नये. तपासणी खरोखर करून घ्यावी.

स्मृतिभ्रंशाचा आरंभ असलेल्या घरी तर फारच सावध असावे. वर्षानुवर्षांच्या सरावाने हातापायांना बसलेले वळण, ताज्या घटनांच्या स्मरणापेक्षा अधिक काळ टिकते. गिअर बदलताना वडिलांचा हात चुकत नाही हे पाहून मुले निर्धास्त होतात. पण अनपेक्षित प्रसंगी क्षणात निर्णय घेण्याची शक्ती त्याआधीच उणावलेली असू शकते. सफाईदार हात हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

डॉक्टरांनी सांगितल्यावर मामांनी किल्ली दिली. मुलाने मागितली तेव्हा ती दिली नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे. गाडी मात्र आम्ही ठेवली.

हेराल्डची एक खुबी अशी की, तिचे बॉनेट पंख्यांसकट अख्खे पुढे कलंडते आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे होते. कमरेत न वाकता, चाकाशेजारी स्टूल टाकून बसून काम करता येते. तिचे पुष्कळसे पत्रे बोल्टांनी जोडलेले असल्यामुळे चेपलेला पंखाही सोडवून ठोकून घेता आला. मामा रोज सकाळी तासभर तेथे बसू लागले. बारीक नट फिरवताना बोटे हलत होती, आणि कोणता भाग कोठला हे आठवताना डोके.

या तासाचे नियमही आम्ही ठरवले, कारण जुन्या गाडीचे धोके नव्या गाडीहून निराळे असतात. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवायचे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढायचे नाही. आपल्याकडील ही सवय भयंकर आहे, कारण थेंबभर पेट्रोल फुप्फुसात गेले तरी गंभीर दाह होऊ शकतो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधील धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, तेव्हा गळती व वास वरचेवर पाहावा.

हळूहळू फोन सुरू झाले. सातारा, कराड, कोल्हापूर येथील जुन्या गाड्यांचे मालक मामांना विचारू लागले. हेराल्डच्या पुढच्या चाकांना ट्रुनियन नावाचा सांधा असतो. त्याला ग्रीस नव्हे, गिअरचे जाड तेल द्यावे लागते. दुर्लक्ष झाले तर तो भाग तुटून चाक कोलमडते. हे सांगताना मामांचा आवाज चढतो. ज्या माणसाला आठ दिवसांत कोणाचा फोन येत नव्हता, त्याला आता जेवायला दोनदा हाक मारावी लागते. एकटेपणावर मी रुग्णांना पुष्कळ उपाय सांगितले आहेत, पण कोणीतरी अडून बसले आहे आणि आपल्याला उत्तर ठाऊक आहे, याची सर इतर उपायांना क्वचितच येते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. अशी गाडी रोजच्या येण्याजाण्यासाठी वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. मामांनी ती कलमे दोनदा वाचली आणि म्हणाले, “म्हणजे सरकारने तिलाही घरी बसवले की!”

मागच्या रविवारी ती पेट्रोल भरायला बाहेर निघाली. सुकाणूवर मामेभाऊ, डाव्या आसनावर मामा. चढावर गाडी कुरकुरली, तेव्हा मामांचा डावा पाय आपोआप क्लचच्या जागी दाबला गेला. “दुसरा टाक,” ते म्हणाले. मामेभावाने टाकला.