भाषांचा वंशवृक्ष

भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी पेटली. दुर्गजवळच्या भातशेतीच्या त्या मुलखात आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, महाराष्ट्र अशा दूरदूरच्या प्रांतांतील माणसे येऊन स्थिरावली. भोवतालची बोली छत्तीसगढी. दक्षिणेस बस्तरकडे गोंडी आणि हलबी. भाषांची पूर्वपीठिका शोधू पाहणाऱ्यास याहून सोयीचे गाव विरळाच.

येथे एका ‘डोळा’ शब्दाची चौकशी करावी. पंजाबी माणूस ‘अक्ख’ म्हणतो, हिंदी ‘आँख’, छत्तीसगढी ‘आँखी’. तेलुगूत मात्र ‘कन्नु’, मल्याळीत ‘कण्णु’ आणि गोंडीत ‘कन’. गोंडीचे रक्ताचे नाते शेजारच्या छत्तीसगढीशी नसून दूरच्या तेलुगूशी आहे, हे एवढ्यावरूनच दिसू लागते. पण एकटा शब्द फसवितोही. बंगाली ‘चोख’ म्हणते आणि मराठी ‘डोळा’. या न्यायाने मराठी बिचारी एकटीच पडेल. ‘हात’ विचारताच ती पुन्हा हिंदी-बंगालीच्या पंगतीत येऊन बसते. म्हणून संशोधक अवयव, संख्या, पाणी, अग्नी अशा नित्याच्या आणि सहसा उसने न घेतल्या जाणाऱ्या शंभर-दोनशे अर्थांची यादी करतात व एका मुळातून निघालेल्या शब्दांचे गट पाडतात.

भाषांचा वृक्ष जर्मन पंडित श्लायखर याने १८५३ सालीच, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या सहा वर्षे आधी, काढून दाखविला होता. आज जीवशास्त्रातील गणित त्याच्या मदतीस आले आहे. कोणता शब्दगट कोणत्या भाषेत आहे आणि कोणत्या भाषेत नाही, याचा तक्ता संगणकास दिला जातो. संगणक असंख्य वृक्ष रचून पाहतो आणि ज्या वृक्षातून तो तक्ता अधिक सहजपणे संभवतो, त्यास अधिक मान देतो. शिलालेखांवरून वा जुन्या ग्रंथांवरून एखाद्या शाखेचे वय ठाऊक असले, तर इतर फाट्यांचे वयही अजमावता येते. उत्तर येते ते नेमके साल नव्हे, तर कालमर्यादा.

देहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील विष्णुप्रिया कोलिपाकम आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली २० द्राविडी भाषांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. वन्यजीवांच्या अभ्यासकाने भाषांच्या वंशावळीत शिरावे, यात आता नवल उरलेले नाही! या कुलाचे वय सुमारे ४,५०० वर्षे निघाले. चार प्रमुख शाखा स्पष्ट दिसल्या. परंतु त्यांतील कोणती आधी फुटली, हे निश्चित सांगता आले नाही.

वृक्षाची खरी कसोटी लागते ती हलबीपाशी. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात १९०५ साली तिला मराठीच्या खंडात स्थान मिळाले. पण तिच्यात मराठीबरोबर छत्तीसगढी आणि ओडिया यांचेही मिश्रण आहे. निरनिराळ्या जमातींना परस्परांशी बोलण्यासाठी ती बस्तरात उपयोगी पडत आली. वृक्षावरील फांदीस एकच खोड असते. हलबीला बळेच तेथे बसविले, तर गणित कधी न घडलेल्या फाटाफुटीचीही तारीख बिनदिक्कत सांगेल. योहानेस श्मिट याने १८७२ मध्ये वृक्षाऐवजी पाण्यावरील तरंगांची उपमा सुचविली, ती अशाच अडचणीमुळे.

मराठीलाही या अडचणीतून सुटका नाही. ऐकणाऱ्यास वगळायचे तर ‘आम्ही’ आणि सामावून घ्यायचे तर ‘आपण’, हा भेद हिंदीचा ‘हम’ करीत नाही. तेलुगूचे ‘मेमु’ आणि ‘मनमु’ मात्र नेमका तोच करतात. मूळ शब्दांच्या तक्त्यात मराठी हिंदीशेजारी बसते, आणि द्राविडी भाषांच्या या प्रदीर्घ शेजाराची तेथे नोंदच होत नाही.